बाटलीची मागची बाजू

नैसर्गिक आणि पर्यावरणस्नेही सौंदर्यप्रसाधनांच्या निवडीविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्न संक्षिप्त केले आहेत. उत्तरे देताना मी जाहिरातींपेक्षा माझ्या जुन्या कामाचा आधार घेतला आहे. अनेक वर्षे मी एका प्रयोगशाळेत क्रीम आणि शाम्पू यांची घटकमिश्रणे तयार करीत असे, त्यामुळे बाटलीच्या पुढच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूकडे आधी पाहण्याची सवय मला लागली आहे.

प्रश्न : ताई, शक्य तितकी नैसर्गिक प्रसाधने वापरावीत असे मी ठरवले आहे. परंतु दुकानात गेले की जवळपास प्रत्येक बाटलीवर ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’ किंवा ‘केमिकल-फ्री’ असे लिहिलेले असते आणि सोबत हिरव्या पानाचे चित्र असते. त्यातले खरे कोणते, हे कसे ओळखावे?

उत्तर : ‘केमिकल-फ्री’ या शब्दाचा निकाल आधी लावू. पाणी हे रसायन आहे, मीठ हे रसायन आहे आणि कोरफडीच्या गरात तर शेकडो रसायने असतात, त्यामुळे रसायनविरहित क्रीम ही वस्तू जगात असूच शकत नाही. ज्या उत्पादकाला हे ठाऊक असूनही तो तसे छापतो, त्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही मी जरा संशयानेच पाहते. ‘नैसर्गिक’ आणि ‘हर्बल’ हे शब्द इतके उघडपणे खोटे नसले तरी सैल आहेत. सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत त्यांची काटेकोर व्याख्या बहुतेक देशांच्या कायद्यांत नाही, त्यामुळे एका थेंब अर्कावरही तो शब्द छापता येतो.

मागच्या बाजूची घटकयादी मात्र नियमांनी बांधलेली असते. तिथे घटकांची आंतरराष्ट्रीय नावे लिहिली जातात, म्हणजे पाणी हे ‘ॲक्वा’, कोरफड ही ‘ॲलो बार्बाडेन्सिस’ आणि कडुनिंब हा ‘अझाडिराक्टा इंडिका’ या नावाने येतो. ज्या घटकाचे वजनी प्रमाण सर्वांत जास्त, तो पहिला आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे, असा सर्वसाधारण नियम आहे. १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात, आणि जाहिरातीत मिरवल्या जाणाऱ्या वनस्पती बहुधा या शेवटच्या गर्दीत सापडतात.

ही १ टक्क्याची रेघ शोधायची एक सोपी युक्ती आहे. ‘फिनॉक्सिइथॅनॉल’ हे परिरक्षक, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, पुष्कळ उत्पादनांत असते आणि युरोपीय नियमांनुसार त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. यादीत ते दिसले की त्याच्या पुढचे सारे घटक १ टक्का किंवा त्याहून कमी आहेत, असे धरून चालायला हरकत नाही. समजा, पुढच्या बाजूला कोरफडीचे मोठे चित्र आहे आणि मागे पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकॅमिडोप्रोपिल बीटेन, मीठ, सुगंध, फिनॉक्सिइथॅनॉल आणि मग कोरफड असा क्रम आहे. हा शाम्पू वाईट आहे असे यावरून ठरत नाही. केस तो नीट धुईल. तुम्ही पैसे मात्र चित्राचे मोजता आहात. एक अपवादही सांगते : काही घटक अर्ध्या टक्क्यातही उत्तम काम करतात, त्यामुळे शेवटी आलेले प्रत्येक नाव केवळ शोभेचे असते असे समजू नये.

घटकयाद्यांतली आणखी एक गंमत. ‘सल्फेट-फ्री’ म्हणून ज्याच्याविरुद्ध मोहीम चालते, ते सोडियम लॉरिल सल्फेट बहुधा खोबरेल तेलातील किंवा पामच्या बियांच्या तेलातील स्निग्धाम्लांपासूनच बनवतात. म्हणजे ‘वनस्पतिजन्य’ हा शिक्का त्यालाही मारता येतो, आणि त्याच्या जागी येणाऱ्या अनेक सौम्य फेसकारी द्रव्यांचे मूळही त्याच तेलांत असते. संवेदनशील त्वचेला ते कोरडे करते ही तक्रार खरी आहे, पण तो प्रश्न तीव्रतेचा आहे, उगमाचा नाही.

त्याउलट, निसर्गात सापडते म्हणून एखादी गोष्ट निरुपद्रवी ठरत नाही. पारा आणि शिसे दोन्ही खनिजांतूनच येतात. त्वचा झटपट उजळवण्याचा दावा करणाऱ्या काही क्रीममध्ये पाऱ्याची संयुगे वेळोवेळी सापडली आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर वनौषधींची चित्रे होती. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात १ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत एका भागापेक्षा, अधिक पारा असलेल्या प्रसाधनांची निर्मिती आणि व्यापार २०२० पर्यंत बंद करण्याचे ठरले, आणि २०२३ मध्ये पारा मिसळलेल्या सर्वच प्रसाधनांपर्यंत ही बंदी वाढवण्याचा निर्णय झाला. घटकयादीच नसलेले किंवा अक्षरे पुसट झालेले उजळवण्याचे क्रीम कोणी कितीही आपुलकीने दिले, तरी ते चेहऱ्याला लावू नका.

प्रश्न : माझ्या फेसवॉशवर ‘९८ टक्के नैसर्गिक स्रोतातून’ असे लिहिले आहे. असा नेमका आकडा खोटा असू शकतो का? आणि प्रमाणपत्रांच्या गोल शिक्क्यांपैकी कोणत्या शिक्क्याला अर्थ आहे?

उत्तर : आकडा खोटा नसण्याचीच शक्यता अधिक. प्रश्न तो कसा मोजला हा आहे. असे आकडे बहुधा आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटना, हिच्या ‘१६१२८’ या मार्गदर्शक पद्धतीने काढतात. तिचे दोन भाग २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत पाणी नैसर्गिक धरले जाते. फेसवॉशमध्ये बहुतांश पाणीच असते, म्हणजे बाकी काहीही घालण्यापूर्वीच उत्पादकाच्या खात्यावर मोठी टक्केवारी जमा झालेली असते. शिवाय ज्या घटकाचा निम्म्याहून अधिक अंश नैसर्गिक मुळातून आला आहे, तो कारखान्यात रासायनिक प्रक्रिया होऊन आला असला तरी त्याचा नैसर्गिक अंश गणितात धरला जातो. हे गणित प्रामाणिक आहे. मात्र ते वाचून तुमच्या डोळ्यांपुढे जी बाग उभी राहते, तिच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. तसेच ही केवळ मोजणीची पद्धत आहे. कोणत्या घटकांना मनाई असावी याविषयी ती काही सांगत नाही.

मनाई आणि परवानगी यांच्या याद्या असलेली मानके वेगळी आहेत. युरोपातील पाच संस्थांनी मिळून तयार केलेले ‘कॉसमॉस’ हे त्यांतले सर्वांत प्रचलित. त्याच्या सेंद्रिय शिक्क्यासाठी केवळ दळणे, गाळणे, दाबणे अशा भौतिक प्रक्रियांतून गेलेल्या शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात, आणि संपूर्ण उत्पादनाच्या वजनात सेंद्रिय भाग किमान २० टक्के असावा लागतो. धुऊन टाकायच्या उत्पादनांसाठी ही दुसरी अट १० टक्के आहे, कारण त्यांत पाणी जास्त असते. ‘सेंद्रिय’ असा शिक्का असलेल्या शाम्पूत दहाच टक्के सेंद्रिय भाग असू शकतो हे ऐकून काहींना धक्का बसतो, परंतु पाणी सेंद्रिय कसे म्हणणार? या मानकाने कृत्रिम सुगंध आणि पॅराबेन या गटातील कृत्रिम परिरक्षके नाकारली आहेत, पॅकिंगवरही अटी घातल्या आहेत आणि तपासणी उत्पादकाबाहेरची संस्था करते. शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

सशाच्या उडीचे ‘लीपिंग बनी’ हे चिन्ह प्राण्यांवर चाचण्या न केल्याचे आहे आणि त्यात कच्चा माल पुरवणाऱ्यांचीही चौकशी होते. घटक नैसर्गिक आहेत की नाहीत, याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘व्हीगन’, म्हणजे प्राणिजन्य घटक नसलेले, या शब्दाचेही तसेच, कारण पूर्णपणे खनिज तेलापासून बनलेले क्रीमही व्हीगन असू शकते. उत्पादकाने स्वतःच काढलेली पाने, थेंब आणि पृथ्वीचे गोल यांकडे सरळ दुर्लक्ष करावे. खऱ्या चिन्हाजवळ बहुधा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव असते, आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावर ते उत्पादन शोधता येते. दोन मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : नैसर्गिक म्हणजे पर्यावरणस्नेही असेच समजायचे ना? मग दोन वेगळे शब्द कशासाठी?

उत्तर : हे पत्र एका ओळीचे होते, आणि माझ्या मते सर्व पत्रांत तेच सर्वांत मोलाचे आहे. हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी इतके वेळा छापले गेले आहेत की ते समानार्थी वाटू लागले आहेत, आणि प्रत्यक्षात ते कधीकधी परस्परांविरुद्ध जातात.

बिसाबोलॉल हे नाव तुम्ही त्वचा शांत करणाऱ्या क्रीमच्या यादीत वाचले असेल. ते कॅमोमाइलच्या फुलांत असते, परंतु बाजारातील नैसर्गिक बिसाबोलॉलचा मोठा भाग ब्राझीलमधील कांदेया नावाच्या झाडाच्या लाकडातून काढलेला असतो आणि त्यासाठी या झाडांची बेसुमार तोड झालेली आहे. प्रयोगशाळेत तयार केलेल्या बिसाबोलॉलसाठी झाड तोडावे लागत नाही. चंदनाचेही तसेच : ज्या चंदनाच्या तेलाला सर्वाधिक मान आहे, ते झाड निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेले आहे. गुलाबाचे एक किलो अस्सल तेल काढायला काही हजार किलो पाकळ्या लागतात, आणि त्या पाकळ्यांमागे जमीन, पाणी व ऊर्ध्वपातनाचे इंधन असते. हे सारे वर्ज्य करावे असे मी म्हणत नाही. मात्र फुलाचे नाव दिसले की पृथ्वीचे भले झाले असे मानणेही बरे नव्हे.

स्क्वालेन हे उदाहरण मला विशेष आवडते. हे हलके, चिकट न होणारे तेल पूर्वी प्रामुख्याने खोल समुद्रातील शार्कच्या यकृतापासून मिळत असे. पूर्णपणे नैसर्गिक! आज ते ऑलिव्हपासून काढतात किंवा उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून, आंबवण्याच्या प्रक्रियेने बनवतात. घटकयादीत तिन्ही उगमांचे नाव एकच असते, म्हणून उगम वनस्पतीचा आहे असे स्वतंत्रपणे लिहिले आहे का, ते पाहावे लागते. लिपस्टिकमधील कार्माइन हा लाल रंगही नैसर्गिकच आहे. तो निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून मिळतो आणि यादीत बहुधा ‘सीआय ७५४७०’ या क्रमांकाने येतो. शाकाहारी वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

चमक आणणाऱ्या अभ्रकाची कथा अधिक दुःखद आहे. झारखंड, बिहार आणि मादागास्कर येथील अभ्रकाच्या खाणकामात लहान मुले राबत असल्याचे अनेकदा उघड झाले आहे. त्यामुळे काही उत्पादक आता कारखान्यात बनवलेले अभ्रक वापरतात, ते यादीत ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ या नावाने येते. ‘सिंथेटिक’ हा शब्द पाहून ग्राहक तो डबा परत ठेवतो आणि शेजारचा ‘नैसर्गिक अभ्रकाचा’ डबा उचलतो, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे.

पाम तेलाविषयी थोडक्यात सांगायचे तर ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, सेटिअरिल अल्कोहोल आणि बहुतेक फेसकारी द्रव्ये यांचा उगम पाममध्ये असू शकतो, आणि वर्षावने तोडून लावलेल्या पामच्या मळ्यांनी झालेली हानी मोठी आहे. परंतु प्रति हेक्टर तेलाचे उत्पन्न पामचेच सर्वाधिक असल्यामुळे ‘पाम-फ्री’ उत्पादनातील दुसऱ्या तेलासाठी अधिक जमीन लागू शकते. शाश्वत पाम तेलासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘आरएसपीओ’ या मंचाचे प्रमाणपत्र सदोष आहे अशी टीका होते, आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही प्रमाणित पाम आणि उगमाचा पत्ता नसलेले पाम यांत मी प्रमाणित पामच निवडते.

प्रश्न : एका प्रदर्शनात घरगुती, परिरक्षकविरहित गुलाबजल-क्रीम घेतले. तीन आठवड्यांनी झाकणाच्या कडेला राखाडी ठिपके दिसले. विक्रेतीने सांगितले की, हीच त्याच्या शुद्धतेची खूण आहे. हे खरे आहे का?

उत्तर : ती बुरशीची खूण आहे. डबी ताबडतोब टाकून द्या, वरचा थर काढून उरलेले वापरू नका. ठिपके दिसू लागतात तेव्हा न दिसणारी वाढ पुष्कळ आधीच आतपर्यंत पोहोचलेली असते. बुरशी निदान दिसते तरी. जिवाणू वाढलेले क्रीम पुष्कळदा दिसायला आणि वासाला निर्दोष असते, आणि ते डोळ्यांजवळ किंवा फुटलेल्या त्वचेवर लावले तर गंभीर संसर्ग होऊ शकतो.

ज्या मिश्रणात पाणी आहे, त्यात सूक्ष्मजीव वाढणार. गुलाबजल, कोरफडीचा गर, वनस्पतींचा काढा हेही पाणीच, किंबहुना सूक्ष्मजीवांसाठी सकस पाणी. त्यामुळे पाणी असलेल्या क्रीमला परिरक्षक हवेच. ज्यात पाणी अजिबात नाही, अशा तेल व मेणाच्या मलमाला ते सहसा लागत नाही, परंतु अशा मलमातही ओली बोटे घालू नयेत. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते, जिवाणूंना रोखत नाही. ही गल्लत घरगुती उत्पादकांत सर्रास आढळते. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क हे ‘नैसर्गिक परिरक्षक’ म्हणून विकले जाते, पण त्याच्या बाजारातील अनेक नमुन्यांचे पृथक्करण केले तेव्हा जंतूंना मारण्याचे काम त्यात मिसळलेली बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम द्रव्ये करीत असल्याचे आढळले.

पॅराबेनविषयीही थोडे लिहायला हवे, कारण तुमच्या पत्राच्या उत्तरार्धात त्यांची भीती दिसते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घातली आणि मिथाइल व इथाइल पॅराबेन ठरावीक मर्यादेत चालू ठेवले. दरम्यान लोकांची भीती पाहून अनेक उत्पादकांनी पॅराबेन काढले आणि काहींनी त्याजागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे द्रव्य घातले. परिणामी त्वचेच्या ॲलर्जीची अशी लाट आली की त्वचारोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संपर्कत्वचादाह संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले आणि युरोपाने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली. त्याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला ‘वर्षाचा ॲलर्जी न करणारा’ म्हणून जाहीर केले. म्हणून ‘अमुक-फ्री’ हे वाचल्यावर पुढचा प्रश्न विचारावा : त्याच्या जागी काय आहे? सौम्य आणि नैसर्गिक मानकांना मान्य असलेले पर्याय तुम्हाला हवे असतील तर यादीत सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट, बेंझिल अल्कोहोल किंवा डिहायड्रोॲसिटिक आम्ल ही नावे शोधा.

प्रश्न : कृत्रिम सुगंध नको म्हणून मी फक्त इसेन्शियल ऑइल घातलेली प्रसाधने वापरते, तरीही मानेवर लाल चट्टे येतात. तसेच चेहऱ्यावर लिंबाचा रस लावावा का?

उत्तर : त्वचेला सुगंधाचा उगम कळत नाही, तिला फक्त रेणू कळतात. लॅव्हेंडरमधील लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हे रेणू हवेतील प्राणवायूशी संयोग पावले की हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात आणि तेच बहुधा ॲलर्जीला कारण ठरतात. म्हणून महिनोन्महिने उघडझाप झालेली तेलाची बाटली ताज्या बाटलीपेक्षा अधिक त्रास देते. युरोपात अशा २६ सुगंधी घटकांची नावे यादीत स्वतंत्रपणे लिहावी लागत असत, आणि २०२३ मध्ये ती यादी वाढवून ८० च्या पुढे नेण्यात आली. तुमच्या बाटलीच्या मागे लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रल अशी नावे दिसली तर ती भेसळ नसून बहुधा त्या तेलांचेच घटक आहेत.

काही आठवडे पूर्णपणे सुगंधविरहित उत्पादने वापरून पाहा. नवे उत्पादन चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावून पाहावे. एका दिवसाची चाचणी पुरेशी नसते, कारण संपर्काची ॲलर्जी उशिरा प्रकट होते. चट्टे तरीही राहिले तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्ये त्वचेवर चिकटवून केलेली ॲलर्जीची चाचणी, करून घ्या.

लिंबाचा रस लावू नका. निरोगी त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५ च्या आसपास असतो आणि लिंबाचा २ च्या आसपास. त्याहून वाईट म्हणजे लिंबूवर्गीय फळांतील काही द्रव्ये उन्हाशी प्रक्रिया करून भाजल्यासारखे फोड आणि महिनोन्महिने टिकणारे काळे डाग निर्माण करतात. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी आहे. तोही त्वचेचे संरक्षक आवरण बिघडवतो.

प्रश्न : ‘नैसर्गिक काळी मेंदी’ केसांना लावली असता कपाळ सुजले. मेंदी तर झाडाचीच ना?

उत्तर : मेंदीच्या पानांतील रंगद्रव्य लॉसोन हे आहे आणि ते केसांना नारिंगी ते तांबूस तपकिरी रंग देते. शुद्ध मेंदी काळा रंग देऊच शकत नाही. म्हणून तासाभरात काळे करणाऱ्या ‘मेंदी’त बहुधा पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमाइन, मिसळलेले असते. हे द्रव्य सर्वसाधारण केशरंगांतही असते, युरोपात २ टक्क्यांच्या मर्यादेत, परंतु तिथे ते निदान जाहीर केलेले असते. एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते आणि पुढच्या वेळी प्रतिक्रिया अधिक तीव्र येऊ शकते. त्यामुळे आता कोणताही केशरंग वापरण्यापूर्वी तज्ज्ञांना दाखवा. श्वास घेण्यास त्रास झाला किंवा सूज डोळ्यांपर्यंत गेली, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे.

वनस्पतींपासून काळसर रंग हवाच असेल तर आधी मेंदी आणि नंतर निळीच्या पानांची पूड, अशी दोन टप्प्यांची पद्धत आहे. वेळ लागतो, वास राहतो, रंगही प्रत्येक वेळी सारखा येत नाही. पुडीवर या दोन वनस्पतींखेरीज काहीही लिहिलेले नसावे, आणि त्वचेवर थोडेसे लावून पाहण्याची चाचणी ४८ तास आधी करावी.

प्रश्न : बांबूचे झाकण असलेली काचेची बरणी घ्यावी, की ‘कंपोस्ट होणारे’ प्लास्टिक? प्लास्टिकची बाटली घेताना अपराधी वाटते.

उत्तर : अपराधी वाटण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. शाम्पूच्या संपूर्ण जीवनचक्राचा हिशेब मांडला की कार्बनचा सर्वांत मोठा वाटा सहसा बाटलीचा नसतो, तर केस धुताना तापवलेल्या पाण्याचा असतो. बांबूच्या झाकणावर तासभर विचार करायचा आणि गीझर मात्र चालू ठेवायचा, हा हिशेब जुळत नाही. कोमट पाणी आणि दोन मिनिटे कमी, याचा परिणाम कोणत्याही झाकणापेक्षा अधिक आहे.

आता बरणीविषयी. बांबूच्या झाकणाच्या आत बहुधा प्लास्टिकची वाटी चिकटवलेली असते, त्यामुळे ते धड कुजत नाही आणि धड पुनर्वापरातही जात नाही. काच पुन्हा पुन्हा वितळवता येते, पण ती जड असते आणि दूरवरून आणायची तर इंधन जाळते. तुम्ही ती बरणी खरोखर भरून घेणार असाल तरच तिची बाजू भक्कम. मक्यापासून बनणारे पीएलए प्लास्टिक औद्योगिक खतप्रकल्पातील सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानात विघटित होते. परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे तसेच राहते. एकाच प्रकारच्या प्लास्टिकची, फिक्या रंगाची, पंप नसलेली साधी बाटली दिसायला सामान्य असली तरी पुनर्वापराच्या यंत्रणेला तीच सर्वांत सोयीची. काळे प्लास्टिक छाननीयंत्रांच्या अवरक्त किरणांना पुष्कळदा ओळखू येत नाही, आणि पंपात धातूची स्प्रिंग असते. ॲल्युमिनियमचा डबा पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, मात्र तो परत गेला पाहिजे. पाणी नसलेली शाम्पूची वडी मला या सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण तिच्यात वाहून नेण्यासारखे पाणीच नसते. फक्त ती साबण नसून शाम्पूच असल्याची खात्री करा, कारण साबणाचा सामू ९ ते १० असतो आणि केस राठ होतात.

बाटलीच्या आतल्या प्लास्टिकचाही विचार करा. स्क्रबमधील प्लास्टिकच्या मण्यांवर अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. त्यात धुऊन टाकायच्या उत्पादनांना २०२७ पर्यंत आणि मेकअपला २०३५ पर्यंत मुदत आहे. तोवर स्क्रब आणि चमकी घेताना पॉलिएथिलीन, नायलॉन-१२ आणि पॉलिएथिलीन टेरेफ्थलेट ही नावे टाळावीत.

प्रश्न : प्रवाळांना इजा न करणारे सनस्क्रीन निवडावे, की तेलांपासून घरीच बनवावे?

उत्तर : घरी बनवू नये. वनस्पतितेलांच्या एसपीएफविषयी, म्हणजे ऊन अडवण्याच्या क्षमतेविषयी, फिरणारे आकडे विश्वासार्ह नाहीत, आणि घरी ढवळलेल्या झिंक ऑक्साइडच्या गुठळ्या राहतात, म्हणजे त्वचेचा काही भाग उघडाच राहतो. हवाई राज्याने २०१८ मध्ये कायदा करून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन शोषणारी द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली, आणि पलाऊ या देशाने २०२० मध्ये त्याहून मोठी यादी लागू केली. तरीही ‘रीफ-सेफ’ या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नाही, प्रवाळांचा मुख्य शत्रू तापणारा समुद्र आहे, आणि झिंक ऑक्साइडही जलचरांना सर्वस्वी निर्धोक नाही. समुद्रात जाताना लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला आणि उरलेल्या उघड्या त्वचेला कण नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, आकाराचे नसलेले खनिज सनस्क्रीन पुरेसे जाडसर लावा. कपडा पाण्यात विरघळत नाही.

प्रश्न : हे सारे वाचून घरातील जुनी प्रसाधने टाकून नवी, पर्यावरणस्नेही आणण्याचा विचार आहे. सुरुवात कशापासून करू?

उत्तर : टाकण्यापासून मुळीच करू नका. ती बनवताना जे पाणी, तेल आणि प्लास्टिक खर्च व्हायचे ते झालेच आहे. न वापरता ती टाकली तर तो खर्च वाया जाईल आणि नव्या खरेदीचा त्यावर चढेल. चेहऱ्याला न मानवलेले लोशन पायांना चालते, न आवडलेल्या शाम्पूने कंगवे आणि मेकअपचे ब्रश उत्तम धुतले जातात. टाकायचेच ते असे : बुरशी आलेले किंवा वास बदललेले, घटकयादी नसलेले उजळवण्याचे क्रीम, आणि उघडून तीन महिने झालेला मस्कारा. डब्यावर उघड्या झाकणाचे चित्र आणि त्यात ‘१२ एम’ असा आकडा असेल तर उघडल्यापासून बारा महिने असा त्याचा अर्थ आहे. उघडल्याची तारीख बाटलीच्या तळाशी पेनाने लिहून ठेवा, आणि जे संपेल त्याच्याच जागी नवे आणा. ते आणताना बाटली आधी उलटी करून मागची बाजू वाचा.